शिवण नसलेला झगा

धानाची कापणी सुरू झाली की माझं शिलाई मशीन रोज दोनदा पुसावं लागतं. गोंदियाजवळच्या कुडव्यातलं माझं दुकान अगदी रस्त्याला लागून. समोरून धान भरलेले ट्रॅक्टर मिलकडे जातात आणि जाताना हवेत जे काही बारीक, पिवळं, टोचरं सोडून जातात ते सगळं सरळ आत येतं. मशीनच्या तेलावर ते बसलं की पांढऱ्या अस्तरावर काळी रेघ उमटते, आणि मग गिऱ्हाईक बाई ती रेघ अशी दाखवते जणू मी मुद्दाम काढली आहे. मी चिडते, फडकं आपटते, शटर अर्धं खाली ओढते. पण शटर ओढलं म्हणून कापलेल्या धानाचा वास यायचा थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर तो थांबावा असं मला वाटतही नाही. ओलसर, थोडा गोड, गरम पेजेसारखा वास. वर्षातला हा महिना-दीड महिना अख्खा जिल्हा तो वास अंगावर घेऊन हिंडतो.

कामही याच दिवसांत फार. कापणीची मजुरी हातात पडली की बायकांना ब्लाऊज आठवतात. मंडई तोंडावर आलेली असते, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई दारात. प्रत्येकीला उद्याच पाहिजे असतं आणि प्रत्येकीला वाटतं की मला हात दोन नसून आठ आहेत.

परवा अशीच एक बाई माप द्यायला आली. हात वर करून उभी राहिली आणि माझ्या फितीत मावणार नाही एवढा उसासा टाकला.

"ताई, माह्या पोरीनं मोबाईलच्या गेममधी कपडे घेतले. खरे नाई, गेममधल्या बाहुलीले. पैसे देऊन! म्हनते सगळ्याच घेऊन राहिल्या. तुमी त शिलाईवाल्या, तुमीच सांगा, हे पैसे वाया नाई का गेले?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी सुटले. "हूं" एवढंच म्हणाले आणि तिची बाही मोजली. ती गेल्यावर टाचण्या काढून ठेवल्या आणि बराच वेळ कात्री हातात घेऊन नुसती बसले. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. फक्त ते एका शब्दात बसत नाही; त्याला तीन वर्षांपूर्वीची एक अख्खी कापणी लागते.

त्या वर्षी धान उत्तम आलं होतं आणि आमच्या घरात आम्ही मायलेकी एकमेकींशी धड बोलत नव्हतो.

प्राची माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा वीस वर्षांची. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा तिने दोनदा दिली आणि दोन्ही वेळा गुण इतके कमी पडले की "थोडक्यात हुकलं" असं म्हणायचीही सोय राहिली नाही. पहिल्या वेळी ती खूप रडली. दुसऱ्या वेळी अजिबात रडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. पुस्तकं तिने दोरीने बांधून पलंगाखाली ढकलली आणि दुकानाच्या मागच्या भागात, जिथे मी अस्तराचे तागे ठेवते, तिथे येऊन बसू लागली. हूक लाव म्हटलं की हूक लावायची, तुरपाई दिली की तुरपाई. त्या कामाचे पैसे मी दर आठवड्याला तिच्या हातात ठेवत असे; ती न मोजता उशीखाली टाकायची. गिऱ्हाईक आलं की उठून पडदा ओढून घ्यायची. का, ते मला कळत होतं. माप देताना बायकांना दुसरं काम नसतं, त्या विचारत सुटतात.

सगळ्यात मोठी धास्ती मात्र मंडईची. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत आज या गावात, उद्या त्या गावात अशी एकेका दिवसाची जत्रा भरते. दंडारीचं नाच-नाटक, पाळणे, जिलेबी, फुगे. लेकी माहेरी येतात, घराघरात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडतो. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या माझ्या माहेरची मंडई मी लग्नानंतर एकदाही चुकवलेली नाही. आणि त्याच मंडईत, प्राची बारावी झाली त्या वर्षी, गावकऱ्यांनी तिला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला होता. माईकवरून सांगितलं होतं, "आपल्या गावची भाची, होणारी डॉक्टर!" टाळ्या पडल्या. मी पदराने डोळे पुसले, माझ्या भावाने फोटो काढून अख्ख्या गणगोताला पाठवला. कौतुक करताना आपण पोरांच्या डोक्यावर किती वजन ठेवतो हे कौतुक करणाऱ्याला कधीच कळत नाही. मला तरी कुठे कळलं होतं?

"मी मंडईले येनार नाई," तिने दसऱ्यालाच सांगून टाकलं. "तिथं कोनाकोनाले सांगत बसू? नारळ वापस देऊ का त्याईचा?"

मी म्हटलं, "नारळाची त कवाच चटनी झाली."

ती हसली नाही. विनोदही वाईटच होता.

दिवसभरात ती एकदाच हसायची, दुपारी चारच्या सुमाराला. तेव्हा दुकानात शुकशुकाट असतो. मोबाईल आडवा धरून, आवाज मोठा करून ती एक लढाईचा खेळ खेळायची. चार-चार जणांची टोळी असते. एका ओसाड बेटावर उतरायचं, घरांतून आणि डब्यांतून बंदुका, औषधं, जे सापडेल ते गोळा करायचं आणि दुसऱ्या टोळ्यांशी लढत शेवटपर्यंत जिवंत राहायचं. तिच्या टोळीत तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी होत्या. मनीषा लग्न होऊन बालाघाटकडे गेली होती, आणि रोशनी पुण्याजवळ एका कारखान्यात लागली होती. चारचीच वेळ का, तर तेव्हा रोशनीची शिफ्ट सुटलेली असे आणि मनीषाचं सगळं सासर शेतावर. नव्या सुनेला घरी ठेवलेलं असे अंगणात वाळत घातलेल्या धानाची कोंबड्यांपासून राखण करायला. त्यामुळे तिचा आवाज यायचा तो असा: "प्राची, डावीकडं हाय, घराच्या मांगं... हुश्श! हुश्श, मेली कुठली! मार, मार त्याले!" त्यात कोंबडी कोणती आणि शत्रू कोण हे ओळखायची सोय नसे. माझी प्राची पोट धरून हसायची. पडद्याआडून ते हसू आलं की मी मशीनवरचा पाय थांबवत असे.

टोळीला चौथा लागायचा. तो खेळच कुठून तरी अनोळखी माणूस जोडून द्यायचा.

"कुठचेबी पोट्टे येतात आनि माईकवर घान बोलून राह्यतात," प्राची एक दिवस वैतागून म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तूच ये ना."

"मले काय येते त्यातलं?"

"काई नाई आलं त चालते. फक्त चूप राह्य."

इतक्या कमी अटींवर मला आयुष्यात कोणी कुठे बोलावलं नव्हतं. मी गेले.

पहिले चार दिवस नुसती भिंतींना धडकत होते. मग हळूहळू अंगठे वळायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली, ती लाजत का होईना सांगते. त्या खेळातल्या बाईचे गुडघे दुखत नाहीत. बटण दाबलं की ती कुंपणावरून उडी मारते. पंचवीस वर्षं मशीनवर बसून माझी कंबर जिथे धरते तिथे तिला कंबर आहे की नाही याचाही पत्ता नसतो. मी विनाकारण उड्या मारायची. पोरी ओरडायच्या, "काकू, आवाज करू नका, दुश्मन ऐकतात!" आणि मी आणखी एक उडी मारून मग थांबायची.

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. एका घरात डबा सापडला, त्यात दोन बंदुका, गोळ्या, मलमपट्टी. मी एक बंदूक घेतली, अर्ध्या गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडले.

"आई, बाकीचं कायले सोडून राहिली? सगळं घे!"

"मांगच्याईले राहू दे थोडं."

"काकू," तिकडून मनीषा किंचाळली, "मांगून येनारे दुश्मन हायेत!"

दुसऱ्याच मिनिटाला, मी मागे ठेवलेल्या त्याच बंदुकीने, त्या मागच्यांनी आम्हा चौघींना आडवं केलं.

आमच्याकडे धान कापून नेलं की खाली पडलेल्या लोंब्या मालक उचलत नाही. त्याला सरवा म्हणतात. तो ज्याला लागेल त्याचा. म्हाताऱ्या बाया, मजुरांची पोरं टोपल्या घेऊन येतात आणि वेचून नेतात. माझ्या बापाने कधी शेत झाडून नेलं नाही, आणि कोणी नेलंच तर गाव त्याला नावं ठेवतं. माझा हात ती सवय घेऊनच खेळात उतरला होता. डबा पार रिकामा करताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. पोरींनी माझं नाव सरवाकाकू ठेवलं. रोशनी म्हणायची, "काकू, आज दुश्मनासाठी दोन पोळ्याबी करून ठेवा." चिडवू देत. इतकी वर्षं बापाच्या शेतातून शिकलेलं एका महिन्यात कसं विसरणार?

आणि अशात एके दिवशी तो झगा आला. रोजच्यासारखी खेळात उतरले तर तिघी पोरी एकसारख्या. मोरपंखी रंगाचा पायघोळ झगा, खांद्यावर सोनेरी पट्टी, पाठीवर वाऱ्याने उडणारा लांब शेला. मी एकटीच त्यांच्यात फुकटच्या करड्या बनियनवर उभी.

"हे कुठून आनलं?"

"इकत घेतलं."

किंमत ऐकली आणि मी फोन खाली ठेवला. दोन साध्या ब्लाऊजची शिलाई! तिचेच पैसे होते, उशीखालचे. तरी मी वाईट भांडले. इतक्या दिवसांचं सगळं त्या झग्यावर काढलं.

"ना कापड, ना धागा. धुता येत नाई, घडी घालता येत नाई, जुना झाला त कोनाले देता येत नाई. गोळी लागली त वाचवते का तो?"

"नाई वाचवत."

"मंग?"

"मंग काई नाई. चांगला दिसते."

"कोनाले दिसते? तिथं हाय कोन?"

ती हूक लावता लावता, मान वर न करता म्हणाली, "तू दंडारवाल्याईले दरवर्षी झगे शिवून देते. ते घालून कोनी बांधीत जाते का धान कापाले? समोरून राजा आनि मांगून बारदाना."

हे मला चांगलंच झोंबलं, कारण ते अक्षरशः खरं होतं. दंडारीच्या राजाचा अंगरखा मी समोरून चमकीचा शिवते आणि पाठीला जुनी साडी नाहीतर पोत्याचं कापड लावते. बघणारे समोर बसतात, पाठ कोण बघतं? आणि शिलाई मी पूर्ण अंगरख्याची घेते. आजवर एकाही राजाने तक्रार केलेली नाही.

दोन दिवस धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी राहवेना. शिलाईवालीच ती. म्हटलं, "दाखव तो झगा. जवळून." तिने बाहुली मोठी करून बोटाने गोल फिरवली. मी चष्मा लावला.

"याले शिवन कुठं हाय?"

"नाईच."

"बटन? चेन? नाडी?"

"नाई."

"मंग बाई आत शिरली कशी?"

प्राची हसायला लागली ती थांबेचना. मी खरंच विचारत होते! हात डोक्यावर नेला तरी कंबरेचं कापड वर उचललं जात नव्हतं. काखेत जोड नाही, छातीला टक नाही, आणि फिटिंग असं की डोळे दिपावेत. असा झगा शिवणारा भेटला तर मी आधी त्याचे पाय धरीन आणि मग त्याचे कान. प्राचीने सांगितलं की हे कोणीतरी बसून काढतं, पट्टी अन् पट्टी, दिवसचे दिवस लागतात. "म्हंजे मजुरी हाय त," मी म्हटलं. ती म्हणाली, "हाय ना." माझं निम्मं भांडण तिथेच संपलं. कोणाच्या तरी हाताची मजुरी असेल तर फुकट कशाला पाहिजे?

उरलेल्या निम्म्याचा मी बराच विचार केला. मशीन चालवताना डोकं मोकळंच असतं. त्या खेळात काय काय विकतात ते सगळं पोरींकडून काढून घेतलं. एक तर बंद पेट्या असतात. पैसे टाका, पेटी उघडा, आत काय निघेल ते तुमचं नशीब. मंडईत पूर्वी एक चकरीवाला यायचा, आकड्यावर पैसे लावायला लावायचा. माझा बाप आम्हाला त्याच्या सावलीलाही उभं राहू देत नसे. ही पेटी म्हणजे तोच चकरीवाला, फक्त आता तो खिशात येऊन बसला आहे. दुसऱ्या खेळांत म्हणे पैसे देऊन ताकदच विकत मिळते, जास्त लागणारी बंदूक मिळते. पैसे दिल्यावर नेम लागत असेल तर मग खेळायचं कशाला, नुसती पावती दाखवावी आणि जिंकलो म्हणावं. आणि त्या "आजच शेवटचा दिवस" वाल्या पाट्या! गोंदियाच्या बाजारात वर्षानुवर्षं दुकान बंद होणार म्हणून सेल लावणारे शेठ मी पाहिलेत. त्यांची दुकानं अजून चालू आहेत. पण किंमत लिहिलेला, डोळ्यांना दिसणारा, घेतला तर घेतला आणि नाही घेतला तर काही अडत नाही असा झगा... त्याच्याविरुद्ध मला बोलायला काही सापडेना.

उलट एक आठवण मध्येच येऊन बसली. आमच्या बचत गटाच्या बारा बायकांनी एका वर्षी मेळाव्यासाठी एकाच रंगाच्या साड्या घेतल्या. जांभळ्या. ब्लाऊज अर्थात माझ्याकडे. कापड एक, मापं बारा. जाड, बारीक, एका खांद्याने झुकलेली, नुकतीच बाळंत झालेली. एकीच्या नवऱ्याने पैसे दिले नाहीत. साडीवाचून तुझं काय अडलं, म्हणाला. तसं काहीच अडलं नव्हतं. तिच्या पेटीत दुसऱ्या साड्या होत्या. तरी बाकीच्या अकराजणींनी मिळून तिची साडी घेतली, आणि मी ब्लाऊज तसाच शिवून दिला. मेळाव्याच्या गर्दीत आम्ही एकमेकींना लांबून ओळखत होतो. जांभळं दिसलं की पाय तिकडे वळायचे. त्या साडीने कोणाचं पोट भरलं नाही, पण ती बाई आजही ती साडी नेसते तेव्हा माझ्या दुकानात चक्कर मारून जाते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मनीषा खेळता खेळता म्हणाली, "मी भाऊबीजेले माहेरी येऊन राहिली! रोशनीचीबी सुट्टी मंजूर झाली. काकूच्या माहेरच्या मंडईले भेटू ना सगळ्या. खऱ्याखुऱ्या."

तिच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. रोशनी आनंदाने काहीतरी बडबडली. प्राची म्हणाली, "मले नाई जमनार. दुकानात लय काम हाय."

"काकू, सोडा ना तिले एक दिवस!"

मी कुठे धरून ठेवली होती? माझ्या दुकानाचं नाव पुढे करून पोरगी लपत होती. मी तोंड उघडेपर्यंत ती खेळातून निघून गेली. तीन दिवस तिने मोबाईल आडवा धरला नाही. चार वाजायचे, दुकानात शांतता असायची, आणि मला कोणाच्या तरी अंगणातल्या कोंबड्यांची आठवण यायची. ते तीन दिवस मी घाबरले होते. साफ घाबरले होते. वाटलं, आता हे एवढं हसूही गेलं. आज मैत्रिणी टाळल्या, उद्या ही पोरगी पडद्यामागून बाहेरच यायची नाही.

चौथ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेले. तिथले भैया पन्नाशीचे, हिंदीत बोलणारे. मी फोन पुढे केला आणि सांगितलं की या खेळातला हा झगा पाहिजे, मला पैसे कसे टाकायचे ते जमत नाही.

"भाभी, बच्ची ने ज़िद की होगी," ते सहानुभूतीने म्हणाले.

"नहीं भैया. मेरे लिए चाहिए."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या गळ्यातल्या फितीकडे पाहिलं आणि काही न बोलता झगा घेऊन दिला. भला माणूस.

त्या दिवशी चार वाजता मीच हाक मारली, "चाल, आज खेळू. मनीषा वाट पाहून राहिली." नाइलाजाने ती आली. आम्ही बेटावर उतरलो. मोरपंखी झग्यात तिघी, आणि शेजारी मोरपंखी झग्यात चौथी, नेहमीप्रमाणे विनाकारण उड्या मारत. मग रोशनी अशी ओरडली की माझ्या हातातून फोन निसटला. "काकूऽऽ! सरवाकाकूनं झगा घेतला!" मनीषा हसत हसत कोंबड्यांना शिव्या देत होती की मला, कळेना.

पडदा बाजूला झाला. प्राची फोन हातात घेऊन समोर उभी.

"आई, पैसे टाकले तू? तूच त म्हने, धुता येत नाई, देता येत नाई."

"अजूनबी म्हनते."

"मंग काऊन?"

मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. मशीनसमोर बसल्या बसल्या तोंडातून निघून गेलं. "तू बोलावलं म्हनून मी तिथं आली. मले बंदूक धरता येत नाई, रोज तुमाले हरवते, तरी आली. तिथं तुले रिझल्ट विचारनारं कोनी नाई, म्हनून तुले तिथं बरं वाटते. समजते मले. आता मी बोलावून राहिली, माह्या माहेरी. तिथं विचारतील. खोटं कायले सांगू, विचारतीलच. पन मी तुह्या बाजूले उभी राहीन."

ती खाली बघत होती.

"आनि चूप राहीन," मी जोडलं.

"तू? चूप?" ती म्हणाली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. बेटावर तोवर आम्हाला कोणी मारलं होतं ते आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

तर त्या परवाच्या बाईंना माझं उत्तर असं आहे. ब्लाऊज न्यायला येतील तेव्हा सांगणार आहे. पैसे वाया गेले का हे झगा बघून कळत नाही. तो घालून पोरगी कोणाशेजारी उभी राहते ते बघा. एकटीच आरशासमोर असेल, किंवा एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा असं चाललं असेल, तर कान धरा आणि फोन काढून घ्या. पण तिच्या मैत्रिणी तशाच झग्यात असतील, तर एकदा तुम्हीही जाऊन बघा तिथे काय आहे. आमचा तो झगा आता कशाच्याच उपयोगाचा नाही. पोरींनी तो खेळ कधीच सोडला. रोशनी आता दुसऱ्या कारखान्यात आहे, मनीषाला मुलगी झाली. प्राची गोंदियाला रक्त-लघवी तपासायचा कोर्स करते. घरी आली की माझं बोट धरून माझा रक्तगट पुन्हा पुन्हा तपासते, जणू तो बदलणार आहे. त्या झग्याचे पैसे म्हणाल तर मला एक दिवसही जड वाटले नाहीत.

त्या वर्षीच्या मंडईला आम्ही दोघी स्कूटीवर गेलो. मी चालवत होते, ती मागे. गोरेगाव गेलं आणि तिची पकड माझ्या खांद्यावर घट्ट झाली. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मधूनच एखादं उशिरा पिकणारं भारी जातीचं धान अजून उभं. गावाच्या वेशीपासूनच भोंग्यांचा आवाज, तळणाचा वास. मनीषा आणि रोशनी पाळण्यापाशी थांबल्या होत्या. मनीषा मला वाटली होती त्याहून बुटकी निघाली, अंगाने वाळलेली, हातभर बांगड्या. तिघींनी एकमेकींना धरलं आणि तिथेच, लोकांच्या वाटेत, उभ्या राहून रडल्या-हसल्या. मी पिशव्या सांभाळल्या.

मग जिलेबीच्या रांगेत लागलो. प्राची पुढे, तिच्यामागे मी. स्टेज समोरच होतं; तिने त्याच्याकडे पाठ केली होती. एवढ्यात काठी टेकत सारजाआजी आली. माझ्या माहेरची शेजारीण, ऐंशीच्या घरातली, ऐकू कमी येतं म्हणून बोलते ते अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं.

"काऊन वो, भाचीबाई! झाली का नाई डॉक्टरीन?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. प्राचीचे कान लाल झाले. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, तीन-चार चांगली उत्तरं आली होती. मी चूप राहीन म्हटलं होतं. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, करकचून, आणि चूप राहिले.

"नाई झाली, आजी," प्राची म्हणाली. आवाज बारीक निघाला. आजीने कानामागे हात धरला, तेव्हा तिला तेच पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. "नाई झाली! दोनदा परीक्षा देली, दोनदा पडली!"

भोंगा नेमका तेव्हाच थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं.

आजीने तिला खालून वर न्याहाळलं. "बरं," ती म्हणाली. "पाय त धड हायेत ना तुहे? माह्याच्यानं रांगेत उभं राहवत नाई. माह्या वाटची पावभर जिलेबी घेजो. गरम पाह्यजे, थंडी आनली त वापस पाठवीन."

पदराच्या गाठीतून चुरगळलेली नोट काढून तिने प्राचीच्या हातात कोंबली आणि झाडाखाली जाऊन बसली. वळलेल्या माना परत जिलेबीकडे वळल्या.

प्राची नोटेकडे बघत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ बाई, सरका ना पुढं." आणि ती पुढे सरकली.